निरामिष गळ : कृत्रिम माशी, गांडूळ आणि साधनशुचितेचा वाद

'आमिष' हा शब्द मराठीत आज प्रलोभन या अर्थाने रूढ आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ मांस असा आहे, आणि 'सामिष', 'निरामिष' या आहारवाचक शब्दांत तो अद्याप टिकून आहे. गळाला जे लावले जाते ते आमिष, कारण ते मांसच असते : गांडूळ, बेडूक, कोळंबी, एखादा लहान मासा. इंग्रजी भाषिक जगात गळाने मासे धरण्याच्या, कोकणातल्या शब्दात सांगायचे तर मासे गरवण्याच्या, छंदाविषयी दीर्घकाळ एक वाद चालत आला आहे. असे आमिष लावून मासा धरणे आणि पिसे, लोकर व रेशमाचा धागा यांनी बांधलेल्या कृत्रिम माशीने तो धरणे, यांपैकी नैतिकदृष्ट्या श्रेष्ठ काय, असा तो वाद आहे. मराठी शब्दाचा अर्थ प्रमाण मानला तर कृत्रिम माशीचा गळ हा अक्षरशः निरामिष गळ ठरतो. (त्यातली पिसे बहुधा कोंबड्याच्या मानेवरची असतात, हा तपशील या शाकाहारात सहसा मोजला जात नाही.)

हा वाद बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्याभोवती इंग्रजीत साडेतीन शतकांचे साहित्य उभे राहिले आहे, आणि त्यातील काही संहिता निखालस वाङ्मयीन मोलाच्या आहेत. त्या एकत्र वाचल्या असता असे दिसते की, वादाची परिभाषा नीतीची असली तरी त्याचा गाभा काव्यशास्त्रीय आहे. अनुकृती म्हणजे काय, ती कोणासाठी केली जाते आणि रूपाचा नियम केव्हा नीतीचा वेश धारण करतो, हे त्यातले खरे प्रश्न आहेत. हा वेशपालट जितका पूर्ण होत जातो, तितका ज्याच्या संदर्भात नीतीचा प्रश्न उपस्थित व्हावा तो मासा संहितेतून बाहेर ढकलला जातो.

महाराष्ट्रातील वाचकाला 'साधनशुचिता' हा शब्द गांधीवादी विचारातून परिचित आहे. 'हिंद स्वराज'मध्ये (१९०९) साधन आणि साध्य यांचे नाते बीज आणि वृक्ष यांच्यासारखे मानले आहे. साधनाची शुद्धी साध्याच्या शुद्धीपासून तोडता येत नाही. गरवण्याच्या वादात नेमके हे तोडणेच गृहीत धरलेले आहे. साध्य, म्हणजे मासा ओठात गळ अडकून पाण्याबाहेर येणे, दोन्ही पक्षांना मान्यच आहे. शुचिता काय ती साधनाची. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातही मासा आणि गळ यांचा दृष्टान्त आहे, मात्र तिथला बोध गळाकडे ओढल्या जाणाऱ्याला उद्देशून आहे : मासा अज्ञानामुळे फसतो, माणूस जाणूनबुजून. गळ टाकणारा कोण, त्याने काय लावले, याची तिथे चौकशी नाही. इंग्रजी परंपरेत चौकशी फक्त त्याचीच होते.

ग्रीकांकडे गेल्यास या वादाची दोन बीजे दिसतात. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात व्याख्येची पद्धत शिकवण्यासाठी पहिले उदाहरण घेतले आहे ते गळाने मासे धरणाऱ्याचे. सोफिस्ट हाही शिकारीच, श्रीमंत तरुणांचा, असे त्या आधारे दाखवले जाते. आणि संवादाच्या शेवटी त्याच सोफिस्टाची गणना आभास निर्माण करणाऱ्या अनुकर्त्यांत होते. गरवणारा एका टोकाला आणि अनुकर्ता दुसऱ्या टोकाला, अशी ही रचना आहे. 'लॉज'च्या सातव्या प्रकरणात मात्र प्लेटो तरुणांना गळापासून आणि माशांच्या पिंजऱ्यांपासून परावृत्त करू पाहतो. त्याचे कारण माशाची वेदना हे नाही. शिकाऱ्याला त्यात कष्ट पडत नाहीत, त्याच्या अंगी आळस बाणतो, हे आहे. पद्धतीचा निवाडा शिकाऱ्याच्या शीलावर होणाऱ्या परिणामावरून करावयाचा, ही पुढच्या सर्व वादाची चौकट इथेच घातली गेली आहे.

कृत्रिम माशीचा प्राचीन उल्लेख एलियनच्या प्राणिविषयक ग्रंथात, सुमारे इसवी सन २०० च्या काळातला, सापडतो. मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून पिसे लावत. कारण खरा कीटक माणसाचा हात लागताच आपला रंग आणि पंख गमावतो व मासा त्याला तोंड लावत नाही. म्हणजे कृत्रिमतेचा उगम अडचणीतून झाला आहे. खरी वस्तू हातात धरता येत नाही, म्हणून तिची प्रतिमा करावी लागली. या मूळ कथेत नीतीला जागा नाही.

आयझॅक वॉल्टनच्या 'द कंप्लीट अँग्लर'मध्येही (१६५३) ती नाही. राजा चार्ल्सचा शिरच्छेद होऊन चार वर्षे झाली होती; राजनिष्ठ आणि अँग्लिकन वॉल्टनने पराभूतांसाठी नदीकाठचे एक शांत जग रचले. या जगात गांडूळ, लहान मासा, बेडूक आणि माशी सुखाने एकत्र नांदतात. माशीविषयीची बरीचशी माहिती आपण टॉमस बार्करकडून घेतल्याचे वॉल्टन मोकळेपणाने सांगतो. त्याच्यावर पहिला हल्ला झाला तोही आमिषाबद्दल नव्हता. क्रॉमवेलच्या बाजूच्या रिचर्ड फ्रँकने 'नॉर्दर्न मेमॉयर्स'मध्ये (लेखन १६५८, प्रकाशन १६९४) त्याच्यावर पुस्तकी आणि उसन्या ज्ञानाचा आरोप केला. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने माशीचे विवेचन करणारा दुसरा भाग जोडला. मात्र कॉटनही गांडुळाला बहिष्कृत करीत नाही.

वॉल्टनच्या ग्रंथातले बेडकाचे स्थळ प्रसिद्ध आहे. पाइक माशासाठी जिवंत बेडूक गळाला कसा लावावा, तोंडातून गळ घालून कल्ल्याजवळून कसा काढावा, पाय तारेला एका टाक्याने कसा शिवावा, याच्या सूचना दिल्यावर वॉल्टन बेडकाला हाताळण्याविषयी जे क्रियापद वापरतो ते प्रेमाचे आहे. हेतू असा, की बेडूक अधिक काळ जिवंत राहावा. या वाक्यात उपरोध आहे असे मानून वॉल्टनची सुटका करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. उपरोधाची एकही खूण संहितेत नाही. वॉल्टनची कोमलता खरी आहे आणि त्याचा टाकाही खरा आहे. दोहोंत विसंगती असल्याचे त्याला जाणवत नाही, आणि त्याच्या गद्याची निरागसता या न जाणवण्यावर उभी आहे.

बायरनने ही निरागसता मोडली. 'डॉन ह्वान'च्या तेराव्या सर्गात (१८२३) त्याने वॉल्टनच्याच घशात गळ अडकून एका लहानशा ट्राउटने तो ओढावा, अशी इच्छा व्यक्त केली. विनोदाच्या सोयीने का होईना, इथे गळाची दिशा प्रथमच उलटते आणि मासा वाक्याचा कर्ता होतो. सोबतची टीप अधिक उद्बोधक आहे. गरवणारे सृष्टिसौंदर्याच्या गप्पा मारतात, पण त्यांचे चित्त ताटातल्या माशावर असते. जाळ्याने मासे धरणे याहून दयाळू आणि उपयुक्त, असे बायरन तिथे म्हणतो, आणि गरवणारा माणूस भला असूच शकत नाही असा निकाल देतो. त्यानंतर टिपेत एक अपवाद येतो : माहितीतला एक अतिशय सज्जन माणूस गरवत असे, पण तो रंगवलेल्या माश्या वापरी आणि वॉल्टनसारखा अतिरेक त्याच्या हातून झाला नसता. हा अपवाद बायरनचा नाही. हस्तलिखित वाचताना एका मित्राने तो घातला आणि दुसरी बाजूही ऐकली जावी म्हणून आपण तो राहू देत आहोत, असा खुलासा बायरनने जोडला आहे. माशी आणि आमिष यांतला नैतिक भेद इथे तळटिपेत, परक्या हस्ताक्षरात, बचावाचा मुद्दा म्हणून प्रवेश करतो. पुढे शंभर वर्षांत तो धर्मशास्त्र बनला.

ते धर्मशास्त्र रचले फ्रेडरिक हॅलफर्डने. दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन या खडूच्या खडकातून झरणाऱ्या, काचेसारख्या नितळ नद्या आहेत. तिथला ट्राउट पृष्ठभागावर येऊन कीटक टिपताना स्पष्ट दिसतो. 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टू ड्रेस देम' (१८८६) आणि 'ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस' (१८८९) या ग्रंथांतून हॅलफर्डने या पाण्यासाठी पद्धत सिद्ध केली. पृष्ठभागावर खाणारा मासा आधी पाहावा. तो त्या क्षणी कोणता कीटक खातो आहे ते ओळखावे. त्या कीटकाची तंतोतंत प्रतिमा प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेकून माशाच्या पुढ्यात तरंगत येऊ द्यावी. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपल्या माश्यांची संख्या ३३ नमुन्यांवर आणली आणि त्यांत नर व मादी कीटकांचे वेगळे नमुने ठेवले. पद्धत म्हणून हे सारे विलक्षण होते. अडचण तिच्या अनुयायांनी निर्माण केली. त्यांच्या हाती पद्धतीचे सोवळे झाले. बुडती माशी ओवळी ठरली, गांडुळाचा तर उच्चारही नको. इंग्रजीत मासेही दोन जातींत विभागले गेले होते. सॅमन व ट्राउट हे कुलीन. रोच, ब्रीम, पाइक ही 'भरड' प्रजा. कुलीन मासे बहुधा खाजगी पाण्यात असत, आणि लंडन-शेफील्डमधल्या कामगार मंडळांचे सभासद रविवारी रेल्वेने जाऊन भरड माशांसाठी अळ्या आणि गांडुळे वापरत. आमिषाविषयीच्या तिटकाऱ्यात ही वर्गरेषा सतत उपस्थित असते. तथापि वर्ग हेच संपूर्ण उत्तर मानणे घाईचे होईल. नियम पाळणारा एकटाच नदीवर असतो, कुणी पाहत नसतानाही तो पाळतो, आणि त्यासाठी रिकाम्या हाताने घरी जातो. या संयमाचा उलगडा केवळ प्रतिष्ठेने होत नाही.

त्यासाठी अनुकृतीच्या प्रश्नाकडेच यावे लागते. १८८९ हेच ऑस्कर वाइल्डच्या 'द डिके ऑफ लाइंग' या निबंधाच्या प्रथम प्रकाशनाचे वर्ष आहे. वाइल्ड सृष्टीच्या अनुकरणाचा धिक्कार करतो, तर हॅलफर्ड कीटकाच्या पंखाची छटा जुळवतो. वरवर पाहता दोघे विरुद्ध टोकांना आहेत. पण उपयुक्ततेला रजा देऊन कृतीचे मोल तिच्या रूपातच शोधणे दोघांना समान आहे. मराठीतल्या जुन्या वादाची भाषा वापरायची तर ही गरवण्यासाठी गरवण्याची भूमिका आहे. अॅरिस्टॉटलच्या मते अनुकृतीचा आनंद ओळखण्यात असतो. आणि ओळखण्यासाठी ही प्रतिमा आहे, वस्तू नव्हे, हे भान लागते. ट्राउटपाशी ते भान नाही. ते असते तर त्याने तोंड उघडले नसते. माशाच्या बाजूने पाहता बांधलेली माशी आणि टोचलेले गांडूळ यांत प्रकारभेद नाही. दोन्ही अन्नच आहेत, आणि दोन्हीत पोलाद आहे. उलट, गांडूळ निदान आपण जे आहोत तेच असते. खोटेपणा अधिक आहे तो माशीत. ही अनुकृती कलाकृती म्हणून अनुभवणारा एकमेव रसिक म्हणजे ती बांधणारा व टाकणारा माणूस. मासा हा या नाट्याचा प्रेक्षक नाही. प्रयोग जमल्याची ती पावती आहे. 'माशाला संधी देणे', 'समसमान झुंज' ही या साहित्यातली आवडती भाषा म्हणूनच तपासून घ्यावी लागते. संधी न मागणाऱ्याला ती दिली जाते, आणि तिचे माप मात्र देणाऱ्याला पडलेल्या कष्टांत मोजले जाते.

या भूमिकेची कसोटी बाहेरच्या शत्रूने घेतली नाही. ती आतल्या माणसाने घेतली. पेशाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूजने 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम'मध्ये (१९१०) असे दाखवले की ट्राउटचे बरेचसे खाणे पृष्ठभागाखाली, कीटकाच्या अपक्व अवस्थेत, म्हणजे निम्फच्या रूपात, चालते. मग त्या अवस्थेची प्रतिमा पाण्याखाली पाठवण्यात अधर्म कोणता? युक्तिवाद हॅलफर्डच्याच तत्त्वातून निघालेला होता. तंतोतंत अनुकृती हे मूल्य असेल तर मासा जे खातो त्याची अनुकृती करावी. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादसभा झाली, आणि त्याच वर्षी वृद्ध स्क्यूजने इचेनवरचे ॲबट्स बार्टनचे आपले दीर्घकाळचे पाणी सोडले. युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर असताना पाण्याच्या पृष्ठभागावर व त्याखाली या दोन इंचांच्या अंतरावर नीतीची चर्चा व्हावी, याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु स्क्यूजच्या लेखनाचे महत्त्व असे की त्यामुळे नियमाचे खरे स्वरूप उघड झाले. आमिषाविरुद्धचा आक्षेप निर्दयतेचा असता, तर तो निम्फला लागूच झाला नसता. तो लागला, कारण आक्षेप मुळात रूपभंगाचा होता.

ली वुल्फने १९३९ च्या आपल्या पुस्तकात धरलेला मासा परत सोडण्याचा पुरस्कार केला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ही प्रथा पसरली, तेव्हा वादाला प्रथमच माशाच्या शरीराचा आधार मिळाला. आमिष मासा गिळतो, गळ खोल जातो आणि सोडल्यावरही मासा मरण्याची शक्यता वाढते. माशी बहुधा ओठात अडकते. हे निरीक्षण खरे आहे, आणि माशीच्या बाजूचा हा सर्वांत सबळ मुद्दा आहे. मात्र तोही मासा पुन्हा धरण्याजोगा राहावा या हिशेबात मांडला जातो. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या ओठांवर केलेल्या प्रयोगांतून वेदनाग्राही चेतातंतूंचा पुरावा पुढे आल्यापासून बायरनचा प्रश्न, ओठातल्या गळाचा, पुन्हा जिवंत झाला आहे. त्यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. माशी-गांडूळ वादातले बहुतेक लेखन मात्र त्याला वळसा घालून जाते.

सर्जनशील वाङ्मयात या श्रेणीचा सर्वांत प्रभावी उच्चार नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' (१९७६) या दीर्घकथेत आहे. १९९२ च्या चित्रपटाने ती जगभर पोचवली. माँटानातील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक पिता आपल्या दोन मुलांना तालमापक यंत्र ठेवून चार मात्रांत काठी फेकायला शिकवतो. त्याच्या घरात धर्म आणि माशीने गरवणे यांच्यात सीमारेषा नाही; कृपा कलेतून लाभते आणि कला सहज येत नाही. ज्याला गरवता येत नाही त्याने मासा धरून माशाची अप्रतिष्ठा करू नये, असे या पित्याचे मत आहे. मासा इथे संहितेत परततो खरा, परंतु प्रतिष्ठेचा धनी म्हणून. आणि ती प्रतिष्ठा शैलीच्या नाण्यात मोजली जाते. या घराच्या दृष्टीने निवेदकाचा मेहुणा नील हा सर्व अधःपाताचे प्रतीक आहे. तो किनाऱ्यावरच्या शहरातून येतो, खोटे बोलतो, दारू पितो, आणि कॉफीच्या तांबड्या डब्यात गांडुळे घेऊन नदीवर येतो. कथेतला विनोद त्याच्याच जिवावर चालतो.

या विनोदामुळे बरेचसे वाचक फसतात आणि कथा माशीवाल्यांच्या बाजूची मानून मोकळे होतात. रचना मात्र वेगळेच सांगते. नीलच्या आईबहिणीला नीलला मदत करायची आहे आणि कशी ते कळत नाही. निवेदकाला व त्याच्या वडिलांना पॉलला मदत करायची आहे आणि तेही त्याच ठिकाणी अडले आहेत. पॉल हा माशी फेकण्यात अद्वितीय आहे. तो जुगारी आणि मद्यपी आहे, आणि शेवटी मारहाणीत त्याचा जीव जातो. त्याच्या हाताची बहुतेक हाडे मोडलेली होती असे कळल्यावर वडील कोणता हात ते विचारतात. उत्तर मिळते : उजवा. रूपाची परिपूर्णता आणि तारण यांना एकच समजणाऱ्या पित्याला ही कथा उत्तर देत नाही. त्याच्याच मुलाचे शव समोर ठेवते. गांडुळाच्या डब्याला हसणारा निवेदक हे जाणतो की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. संहिता जाणते.

कालक्रम सोडून हेमिंग्वेची 'बिग टू-हार्टेड रिव्हर' (१९२५) ही कथा अखेरीस घेण्याचे कारण असे, की तिथे ही श्रेणी गाजावाजा न करता उलथून पडते. निक ॲडम्सपाशी माशीने गरवण्याची काठी आहे, जड सूत आहे, ओलसर पटांत जपलेला तंतू आहे. आणि गळाला मात्र तो जिवंत नाकतोडे लावतो. आदल्या दिवशी जळून गेलेल्या सीनी गावाजवळ त्याला काजळीने काळे झालेले नाकतोडे दिसले होते. त्यातला एक उचलून त्याने न्याहाळला आणि हवेत सोडून दिला. दुसऱ्या सकाळी दवाने गारठलेले नाकतोडे तो बाटलीत गोळा करतो, गळ हनुवटीखालून आत घालून पोटातून नेतो. नाकतोडा पुढच्या पायांनी गळ धरतो आणि त्यावर तपकिरी रस टाकतो. वॉल्टनच्या बेडकाशी हे स्थळ ताडून पाहण्याजोगे आहे. इथे प्रेमाचे क्रियापद नाही, क्षमायाचना नाही, आणि नजर वळवणेही नाही. प्राणी काय करतो ते लिहिले आहे. एक नाकतोडा बाटलीतून निसटून पाण्यात पडतो आणि ट्राउट त्याला गळाविनाच टिपतो. मनुष्याच्या हस्तक्षेपाशिवाय चाललेल्या खाण्याची ही एक ओळीची नोंद कथेतल्या साऱ्या नीतीला तिची मर्यादा दाखवते.

पहिला लहान मासा सोडण्यापूर्वी निक हात ओला करतो. कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. त्याला आठवतात ते गजबजलेले प्रवाह, पुढेमागे माशीने गरवणारे लोक, आणि दगडांशी अडकून राहिलेले, पांढऱ्या बुरशीने केसाळ झालेले मेलेले ट्राउट. ते ट्राउट माशीनेच धरले होते आणि सोडलेही होते. आमिष कोणते होते यापेक्षा हात कसा होता, हा प्रश्न इथे विचारला जातो. आणि त्या हाताचे निरीक्षण करायला नदीवर दुसरे कोणी नाही. युद्धाचा शब्दही न काढता युद्धावरून परतलेल्या माणसाची ही कथा आहे, असे हेमिंग्वेने पुढे नोंदवले आहे. त्या संदर्भात दुसऱ्या जिवाला काय होते याकडे दिलेले हे लक्ष शैलीचा नियम राहत नाही. निक दोन मासे ठेवतो, ओंडक्यावर आपटून मारतो, साफ करतो. पलीकडे दलदल आहे. तिथे पाणी खोल आहे, फांद्या खाली आलेल्या आहेत, धरलेला मोठा मासा बाहेर काढता येणार नाही. तिथे गरवणे ही शोकात्म गोष्ट होईल असे त्याला वाटते. त्या दिवशी तो तिकडे जात नाही.